स्किझोफ्रेनियाची सुरुवात : मेंदूची मानस सैल होते तेव्हा



घरातला अठरा-वीस वर्षांचा मुलगा हळूहळू अबोल होतो. कॉलेजला जायचे टाळतो. रात्रभर जागा राहतो, दिवसा झोपतो. शेजारच्या घरात मिक्सर लागला तरी कानांवर हात ठेवतो. पंगतीला बसला तर अर्ध्यावरून उठतो. घरच्यांना आधी वाटते, वयच तसे आहे. मग वाटते, मोबाइलचा नाद. मग कोणीतरी म्हणते, दृष्ट लागली असेल. असे करता करता वर्ष-दीड वर्ष निघून जाते.

प्रत्येक अबोल मुलाला मोठा आजार असतो असे मुळीच नाही. पण काहींच्या बाबतीत ही स्किझोफ्रेनियाची सुरुवात असते, आणि तेव्हा वाया गेलेला काळ फार महाग पडतो. आपल्या सभासदांच्या घरांत मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर मोकळेपणाने बोलणे होते. या आजारावर मात्र दार लावून, आवाज खाली करून बोलतात. म्हणून या वेळी आम्ही याच विषयावर लिहायचे ठरवले. या आजाराच्या सुरुवातीला, औषध सुरू होण्यापूर्वी, मेंदूत काय घडत असते आणि घरच्यांनी त्यातून काय समजून घ्यावे, एवढेच सांगायचे आहे.

नाव आणि गैरसमज

मराठीत या आजाराला छिन्नमनस्कता म्हणतात. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली वापरात आणला. त्याचा अर्थ 'फाटलेले मन' असा होत असल्याने एका माणसात दोन माणसे राहतात, अशी समजूत पसरली. सिनेमांनी ती पक्की केली. ती चूक आहे. ब्लॉयलर यांना म्हणायचे होते ते एवढेच, की विचार, भावना आणि वागणे यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते.

आजार दुर्मीळही नाही. निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी सुमारे १.४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळचा मनोविकार झाल्याचे दिसले. म्हणजे हजार प्रौढांच्या गावात चौदा जण. अंत्रुज महालातल्या, पेडणे-डिचोलीतल्या कोणत्याही वाड्याला हा हिशेब परका नाही.

बांधावरची मानस आणि मेंदूतली मानस

दुर्भाट, बोरी, शिरोडा या भागांतली खाजन शेती आपल्याला ठाऊक आहे. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे खारे पाणी आले की ते आपसूक मिटते. ओहोटी लागली की उघडते आणि आतले पाणी बाहेर सोडते. मानस नीट चालली तर शेत पिकते. ती सैल झाली, तर नदी तीच, पाणी तेच, पण शेत खारावते.

आपल्या मेंदूलाही असे दार लागते. या क्षणी तुमच्या अंगाला कपडा लागतो आहे, पंखा फिरतो आहे, रस्त्यावरून बस गेली, स्वयंपाकघरात फोडणी पडली. यांतले बहुतेक तुम्हाला जाणवतही नाही, कारण बिनमहत्त्वाचे निरोप मेंदू वाटेतच दाबतो. वास सोडला तर डोळे, कान, त्वचा, जीभ यांच्याकडचे निरोप मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जातात. थॅलॅमसभोवती पेशींचा एक पातळ थर असतो. तो काय पुढे सोडायचे आणि काय अडवायचे याला हातभार लावतो. कपाळामागचा मेंदूचा भाग त्याला वरून हुकूम देतो. हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी जोडलेला भाग 'हे नवे आहे की मघाचेच' हे ताडून पाहतो. या सगळ्यांच्या मेळातून गाळणी चालते.

स्किझोफ्रेनियात ही गाळणी सैल होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, आजार नुकता सुरू झालेल्या रुग्णांशी बोलून काही ब्रिटिश संशोधकांनी हे टिपले होते : सगळे आवाज एकदम आत येतात, कशाकडे लक्ष द्यावे कळत नाही, समोरच्याचे वाक्य पुरे ऐकता येत नाही. मिक्सरच्या आवाजाने कानांवर हात ठेवणारा मुलगा नाटक करत असेल असे धरून चालू नये. आपल्यासाठी मिटलेले दार त्याच्यासाठी उघडे असू शकते.

हे मोजतात कसे?

पहिली चाचणी दोन 'टिक'ची. डोक्यावर तारा लावून मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवतात आणि अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन सारखे आवाज ऐकवतात. प्रत्येक आवाजानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांनी मेंदूत एक छोटी लहर उठते. निरोगी माणसात दुसऱ्या आवाजाची लहर पहिल्यापेक्षा बरीच लहान असते, कारण मेंदूने तो आवाज 'मघाचाच' म्हणून दाबलेला असतो. १९८२ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या अ‍ॅडलर, फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत दुसरी लहर तेवढी दबत नाही. पुढे काही रुग्णांच्या निरोगी सख्ख्या नातेवाइकांतही हाच कल आढळला. म्हणजे गाळणीचा सैलपणा काही प्रमाणात वारशाने येतो, आणि तो असूनही माणूस आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो.

दुसरी चाचणी दचकण्याची. अचानक मोठा आवाज झाला की आपण दचकतो, डोळे मिटतात. त्या आवाजाच्या क्षणभर आधी एक हलका आवाज दिला तर दचकणे कमी होते. १९७८ मध्ये डेव्हिड ब्रॅफ आणि सहकाऱ्यांनी नोंदवले, की या रुग्णांत ते तेवढे कमी होत नाही.

तिसरी गोष्ट स्वतःच्या आवाजाची. आपण बोलतो तेव्हा मेंदू ऐकण्याच्या केंद्राला आगाऊ कळवतो, 'हा आवाज आपलाच आहे.' त्यामुळे ते केंद्र शांत राहते. या आजारात तो निरोप नीट पोचत नाही. मनात उमटलेला स्वतःचाच विचार मग परक्याचा आवाज वाटू शकतो. 'कोणीतरी माझ्याबद्दल बोलतंय' हे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला ते खरोखर ऐकू येत असते.

मेंदूची घडण

१९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी तेव्हा नव्या असलेल्या सीटी स्कॅनने १७ जुन्या रुग्णांचे मेंदू पाहिले. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्या या रुग्णांत मोठ्या दिसल्या. हा आजार 'मनाचे खेळ' नसून त्याला शरीरात आधार आहे, याचा तो मोठा पुरावा ठरला.

पण एक शंका उरली. हे रुग्ण वर्षानुवर्षे रुग्णालयात होते, औषधे घेत होते. मग बदल आजाराचे की औषधांचे? याचे उत्तर हवे तर ज्यांनी एकही गोळी घेतलेली नाही असे, आजार नुकताच सुरू झालेले रुग्ण पाहायला हवेत. म्हणूनच उपचारापूर्वीच्या काळाला संशोधनात एवढे महत्त्व आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही औषध सुरू होण्यापूर्वी एमआरआय काढून असे अभ्यास झाले आहेत.

२०१३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी जगभरचे ३०० हून अधिक अभ्यास एकत्र तपासले. त्यांत औषध कधीच न घेतलेले ७७१ रुग्ण होते. त्यांच्यातही मेंदूचे आकारमान सरासरीने थोडे कमी होते, आणि थॅलॅमस व कॉडेट या भागांतली घट औषध घेणाऱ्यांपेक्षा अधिक ठळक होती. २०१६ च्या आणखी एका जागतिक अभ्यासात २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी माणसांची तुलना झाली. त्यात हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस सरासरीने लहान, तर द्रवाच्या पोकळ्या मोठ्या आढळल्या.

आता हे गाळणीशी जोडून पाहा. आवाज अडवणे, ताडून पाहणे आणि हुकूम देणे ही कामे ज्या भागांची, त्यांतच बारीक फरक दिसतो. 'औषधांनी मेंदू बिघडतो' असे म्हणून गोळ्या टाळणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, की हे फरक पहिल्या गोळीच्या आधीपासून असतात.

मात्र दोन गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. एक, हे फरक सरासरीचे आणि अगदी थोडे आहेत. संपूर्ण मेंदूच्या आकारमानात दोन-तीन टक्के. कित्येक रुग्णांचे मेंदू निरोग्यांसारखेच दिसतात. त्यामुळे स्कॅन किंवा लहरींची चाचणी करून कोणाला स्किझोफ्रेनिया आहे की नाही ते ठरत नाही. निदान होते ते डॉक्टरांनी रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलून. डॉक्टर स्कॅन किंवा रक्त तपासायला सांगतात ते गाठ, फेफरे, मेंदूची सूज, थायरॉइड असे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. दोन, आईवडिलांच्या वळण लावण्यामुळे हा आजार होत नाही. आईला दोष देणारी एक विचारधारा पाश्चात्त्य देशांत काही दशके चालली. ती आता मोडीत निघाली आहे. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण आईवडिलांपैकी एकाला आजार असला तरी मुलाला तो न होण्याचीच शक्यता बरीच जास्त असते. कोवळ्या वयात गांजाचे सतत सेवन केल्याने मात्र धोका वाढतो, हे किनारी गोव्यातल्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

संशय कसा जन्मतो

सगळेच आत येऊ लागले की मन त्याचा अर्थ लावू पाहते. मेंदूतले डोपामिन हे रसायन 'हे महत्त्वाचे आहे' अशी खूण करण्याचे काम करते. या आजारात ती खूण नको तिथे उमटते. बसमधल्या अनोळखी माणसाने खोकले, तर त्यात इशारा वाटतो. शेजाऱ्याने खिडकी लावली, तर कट वाटतो. अशा शेकडो खुणा जोडून मन एक कथा बनवते : माझ्यावर कोणीतरी पाळत ठेवून आहे. ऐकणाऱ्याला ती वेडगळ वाटते, पण सांगणाऱ्यासाठी तिच्यामागे रोजचा पुरावा असतो. म्हणून वाद घालून ती खोडता येत नाही. 'तुला भीती वाटते हे मला कळतं' असे म्हणणे खरे असते आणि उपयोगीही.

देव, घाडी आणि डॉक्टर

आपल्याकडे अशा वेळी पहिले पाऊल देवळाकडे पडते. प्रसाद लावतात, गाऱ्हाणे घालतात, घाड्याला विचारतात. पेडण्याची पुनव कोजागरीला भगवतीच्या देवळाकडे भरते. बाधा झाली असे मानलेल्यांना तिथे नेण्याची रीत जुनी आहे. श्रद्धेची टिंगल करण्याचे आम्हाला कारण नाही. देवाजवळ बसून घरच्यांना धीर मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा.

पण अवसर आणि आजार यांतला फरक आपल्या जुन्या माणसांनाही कळत असे. अवसर ठरावीक जागी, ठरावीक दिवशी, ढोलाच्या तालावर येतो आणि उतरतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस शेतात किंवा दुकानात कामाला लागतो. आजार मात्र उतरत नाही. तो महिनोन्‌महिने राहतो, झोप, काम आणि नाती खात जातो. असे दिसले की गाऱ्हाण्याबरोबर डॉक्टरही हवा. साखळदंड, उपास, मार, धुरी यांनी गाळणी दुरुस्त होत नाही. घाबरलेला मेंदू अधिक घाबरतो.

दुसरी हमखास ऐकू येणारी सूचना म्हणजे 'लग्न लावून द्या, सुधारेल'. लग्न हा औषधाचा पर्याय नाही. आजार लपवून लावलेले लग्न दोन घरे दुःखात लोटते. आधी उपचार, स्थिरता, मग दोन्ही बाजूंना सगळे सांगून निर्णय, हाच सरळ मार्ग.

वेळेचा प्रश्न एवढा गंभीर का? जगभरातल्या अभ्यासांचा कल एकाच दिशेने आहे : पहिली लक्षणे आणि पहिला उपचार यांतला काळ जितका लांबतो, तितके बरे होणे अवघड आणि अपुरे होते. हा आजार बहुधा सोळा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, मैत्री हे सारे उभे राहण्याची हीच वर्षे.

औषधे

या आजाराच्या औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचेही पान आहे. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवर सर्पगंधेच्या उपयोगाचा शोधनिबंध लिहिला. १९५२ मध्ये सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा या आजारावर उपयोग दिसून आला. आजची औषधे पुष्कळ पुढे गेली आहेत. सर्पगंधेची मुळी मात्र घरी उगाळून देऊ नये. रक्तदाब धोकादायक उतरू शकतो आणि मन खचू शकते.

ही औषधे मुख्यतः डोपामिनचा जोर कमी करतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुस्ती, वजन वाढणे, अंग ताठरणे, हात थरथरणे असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते. 'आता बरा आहे' म्हणून गोळ्या एकदम थांबवणे हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण आहे.

घरात काय करावे

सैल गाळणीच्या माणसाशी एका वेळी एकानेच बोलावे. वाक्ये छोटी, आवाज साधा. टीव्ही चालू ठेवून महत्त्वाचे सांगू नये. त्याला बसायला घरात एक शांत कोपरा असावा. चवथीला घर भरलेले असते, आरत्या, घुमट, फटाके चालू असतात. शिगम्याला ढोल-ताशे असतात. त्याला त्यातून उठून जायची मोकळीक द्यावी, पाहुण्यांसमोर सबब सांगायला लावू नये. झोपेची वेळ सांभाळावी. दारू-गांजा दूर ठेवावा. घालून पाडून बोलणे आणि डोक्यावर बसून काळजी करणे, दोन्हींमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे ब्रिटनपासून चंदीगडपर्यंतच्या अभ्यासांत दिसले आहे. चंदीगडच्या अभ्यासात भारतीय घरांत अशी टोचणी तुलनेने कमी आढळली होती. ते आपले भांडवल आहे; जपायला हवे.

मरण्याच्या गोष्टी केल्या, खाणेपिणे सोडले किंवा कोणाला इजा करण्याइतकी भीती दिसली, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गोव्यात कुठे जावे

बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, ही सरकारी संस्था आहे. पूर्वी ती पणजीत आल्तिनोवर होती आणि तिला आबे फारिया यांचे नाव होते. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या फारियांनी पॅरिसमध्ये सांगितले होते, की संमोहनाची शक्ती संमोहकाच्या हातात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनात असते. पणजीच्या जुन्या सचिवालयाजवळ १९४५ पासून त्यांचा पुतळा उभा आहे. ज्या भूमीने मनाचा असा अभ्यासक दिला, तिथे मनोरुग्णालयाची पायरी चढायला लाज का वाटावी?

देशभरासाठी टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६, चोवीस तास. गोव्यात १९९६ पासून काम करणारी 'संगाथ' ही संस्थाही परिचित आहे. गोवा, सातारा आणि तामिळनाडू येथे २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन केलेल्या मदतीची नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांशी तुलना झाली. घरी मदत मिळालेल्यांच्या रोजच्या जगण्यातल्या अडचणी थोड्या अधिक कमी झाल्या. गोळीबरोबर माणूसही लागतो, एवढे त्यावरून घ्यायचे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याने उपचार मिळणे हा हक्क ठरवला, आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा द्यावा असे विमा कंपन्यांवर बंधन घातले.

आधाराची मराठी परंपराही आहे. कॅनडातल्या कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराविषयी न लपवता सांगितले आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट त्यांच्याच पाठबळाने निघाला; अतुल कुलकर्णी यांनी त्यात या आजाराच्या माणसाची भूमिका केली आहे. घरी सगळ्यांनी मिळून तो जरूर पाहावा. अशा मदतगटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. हे शब्द आपणही उचलावेत. वेडा, खुळा या शब्दांनी आजवर कोणी बरा झालेला नाही.

आमची विनंती एवढीच. घरात, नात्यात किंवा वाड्यावर कोणी तरुण बरेच आठवडे असा तुटत चाललेला दिसला, तर 'बघू, चवथ झाल्यावर' असे म्हणू नका. याच आठवड्यात फोन करा किंवा बांबोळीला चला. एकट्याने जायला धीर होत नसेल, तर आपल्यातल्या कोणालाही सोबत हाक मारा. सोबत जाण्याइतके आपण सगळे एकमेकांचे आहोत.